कथेची अमानत

कथा सुचते कुठून, असे लेखकाला हमखास विचारले जाते. उत्तरही ठरलेले असते : आजूबाजूच्या जीवनातून. उत्तर खरे आहे, पण अर्धे. ते जीवन कुणाचे तरी असते, आणि आपण ते त्याला विचारून घेतलेले नसते.

आम्ही उर्दू शाळांत शिकवणारी आणि मराठीत लिहू पाहणारी माणसे. पालकसभा संपल्यावर एखादी आई मागे रेंगाळते. मुलीचे अब्बा घर सोडून गेले, हे हलक्या आवाजात सांगते. आम्ही तिला धीर देतो आणि घरी येऊन कथा लिहितो. नाव बदलले, मोहल्ला बदलला की आमचे समाधान होते. तिला मराठी वाचता येत नाही, हाही छुपा दिलासा असतोच. पण तिची मुलगी आमच्याच वर्गात मराठी शिकते. तिने ती कथा घरी मोठ्याने वाचली, आणि पुढच्या सभेला आई आली नाही.

मग अशा कथा लिहूच नयेत काय? तसे असते तर इस्मत चुगताईंची 'लिहाफ' जन्मली नसती. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेमागे अलीगढची एक खरी बेगम होती. कथेवर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला, इस्मत सुटल्या. पण पुढे एका मेजवानीत ती बेगमच समोर आली, तेव्हा त्या धास्तावल्या. आत्मकथनात त्या सांगतात, की बेगम रागावली नव्हती. नवाबापासून तलाक घेऊन तिने दुसरा निकाह केला होता, तिला मुलगा झाला होता. त्याला पाहून इस्मतना आपल्या लिहिण्याचे चीज झालेसे वाटले.

इस्मतनी बेगमेची घुसमट तिच्या बाजूने मांडली. आम्ही त्या आईचे अश्रू वाचकांपुढे मांडले, तेही तिने विश्वासाने सांगितलेले. विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत असते, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. स्वतः लिहायला बसलो की विसरतो.

कथा तिला आवडलीच पाहिजे, असे नाही. पण तिच्यासमोर बसून, तिच्याच बोलीत, नजर न चुकवता ती सांगता आली पाहिजे. ते जमत नसेल, तर नाव बदलून काय उपयोग?