सरकारी दप्तर कोणाच्या कोठीत?

सरकारी कागद हल्ली बहुधा कागद राहिलेला नाही. हुकूम, अहवाल, नकाशे, जमाखर्च ही सर्व संगणकावरच जन्म पावतात व तेथेच नांदतात. ती जतन करण्यास पैसा लागतो, माणूस लागतो. आणि इंटरनेटवर तर कित्येक कंपन्या व संस्था ठराविक मर्यादेपर्यंत जागा फुकट देत असतात. तेव्हा एखाद्या लहानशा कचेरीने आपले दप्तर तेथे ठेवून दिले तर त्यात वावगे ते काय, असे विचारले जाते. हा प्रश्न वरवर काटकसरीचा दिसतो. आमच्या मते तो मूलतः नीतीचा आहे.

मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेपास, म्हणजे ठेवीस, स्थान दिले आहे. ठेव सांभाळणारा तिचा रक्षक असतो, धनी नव्हे, हे ठेवीचे मर्म होय. सरकारी दप्तर ही प्रजेची अशीच ठेव आहे. कोणाच्या शेताची हद्द, कोणत्या धरणाचा खर्च, कोणत्या साथीत दगावलेल्यांची संख्या, ह्यांपैकी काहीही अधिकाऱ्याच्या मालकीचे नसते. मग ज्याने कसलेच वचन दिलेले नाही अशा तिऱ्हाइताच्या ओसरीवर ही ठेव नेऊन टाकण्याचा अधिकार त्यास कोठून आला?

फुकट जागा देणारा दुष्ट असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु दान हे दात्याच्या मर्जीइतकेच टिकते. याहूने २००९ साली जिओसिटीज बंद केली, तेव्हा तेथे वर्षानुवर्षे साठलेली लोकांची पाने निराधार झाली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणला. ह्यात अन्याय मुळीच नाही. पण ज्याच्या नावे खाते होते तो कारकून निवृत्त झाला, तर पुढे काय व्हावे? पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल अभ्यासकांस दीर्घकाळ दुर्लभ होते, तरी ते टिकले. म्हणूनच १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांस त्यांतून ४५ खंड सिद्ध करता आले. कागद दुर्लक्ष सोसतो, संगणकातील लेख सोसत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, सरकारची स्वतःची कोठी तरी कोठे निर्भय आहे? आक्षेप रास्त आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी संगणककेंद्रास आग लागली आणि अधिकाऱ्यांच्या कामाची ८५८ टेराबाइट सामग्री नष्ट झाली. तिची दुसरी प्रत बाहेर कोठेही नव्हती. उलट अमेरिकेत २००८ पासून प्रत्येक अध्यक्षीय कारकिर्दीच्या अखेरीस इंटरनेट आर्काइव्ह व काही ग्रंथालये मिळून संघशासनाच्या संकेतस्थळांच्या प्रती घेतात. हार्वर्डच्या विधिग्रंथालयाने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन लाखांहून अधिक सरकारी माहितीसंचांची प्रत प्रसिद्ध केली. राज्यकर्त्यांसच जुनी नोंद अडचणीची वाटू लागते, त्या वेळी अशी परक्या हाती असलेली प्रत प्रजेचा आधार ठरते. तथापि खुद्द इंटरनेट आर्काइव्हही ऑक्टोबर २०२४ मधील हल्ल्यानंतर काही दिवस बंद पडले होते, हे विसरून चालणार नाही.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की, प्रती अनेक असाव्यात, पण उत्तरदायित्व एकाचे असावे. आपल्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकनिर्मित सामग्रीही अभिलेखांत गणली आहे, प्रत्येक कचेरीने एक अभिलेख अधिकारी नेमावा असे सांगितले आहे, आणि सरकारी कामाखेरीज केंद्राच्या पूर्वपरवानगीवाचून अभिलेख देशाबाहेर नेण्यास मनाई केली आहे. ह्या कायद्याचा रोख उघड आहे: दप्तर गहाळ झाल्यास जाब विचारता येईल असा कोणी मनुष्य असला पाहिजे. फुकटच्या कोठीत असा मनुष्य सापडत नाही. प्रसिद्ध करण्याजोग्या लेखांची एक प्रत तेथे खुशाल ठेवावी, निर्धन कचेरीने तर अवश्य ठेवावी. परंतु तेवढ्याने आपले कर्तव्य संपले असे मानू नये. मूळ ठेव सांभाळण्याचा खर्च हा राज्यकारभाराचाच खर्च आहे, आणि तो दुसऱ्याच्या औदार्यावर टाकणारे सरकार प्रजेच्या विश्वासाचा भंग करीत असते.