जाळी काढायची आठवण कुणी ठेवायची?



एखादी गोष्ट आपला जीव वाचवते, तिचं काम संपतं, तरी ती आत तशीच राहते. ती काढण्याची आठवण ठेवणं कुणाचं कर्तव्य? बसवणाऱ्याचं, की जिच्या अंगात ती आहे तिचं? आम्ही सेवेकरी बायकांनी या वेळी हा प्रश्न घेतला तो रक्तवाहिनीत बसवायच्या फिल्टरवरून.

पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. बहुतेकांना रक्त पातळ करायची औषधं पुरतात. पण रक्तस्राव किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन यामुळे ती देता येत नसतील, तर पोटातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी बारीक जाळी बसवतात. रक्त पुढे जातं, गुठळी अडकते. चहाची गाळणीच म्हणा ना!

धोका टळला की यातल्या बऱ्याच जाळ्या काढता येतात. अमेरिकेत मात्र अनेकांच्या त्या आतच राहून गेल्या. २०१० साली तिथल्या एफडीएने इशारा दिला. २००५पासून त्यांच्याकडे ९२१ नोंदी आल्या होत्या. ३२८मध्ये जाळी जागेवरून सरकलेली, १४६मध्ये तुकडा सुटून वाहत गेलेला, ७०मध्ये शिरेला भोक, ५६मध्ये काडी मोडलेली. फ्रान्समधल्या ४०० रुग्णांचा अभ्यास तर त्याआधीच, १९९८ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात जाळी बसवलेल्यांना सुरुवातीला फुप्फुसातल्या गुठळ्या कमी झाल्या, पण दोन वर्षांत पायातल्या गुठळ्या जास्त. हे वाचून आम्ही थोडा वेळ गप्पच झालो.

वेळेत काढायची तर बहुधा मानेच्या शिरेतून नळी घालून जाळीचा आकडा फासात धरतात आणि जाळी नळीत ओढून घेतात. उशीर झाला की काड्या शिरेच्या भिंतीत रुततात, आकड्यावर आवरण चढतं. मग चिमटा, लेसर. काडी महाधमनीत किंवा आतड्यात घुसली असेल तर कधीकधी पोट उघडावं लागतं.

आम्हाला वाटतं, पहिलं कर्तव्य बसवणाऱ्याचंच. रुग्ण तेव्हा अर्धवट शुद्धीत असतो, घरचे घाबरलेले. त्यांनी विचारलं नाही म्हणून दोष त्यांना देणं अन्याय आहे. एफडीएनेही बसवणाऱ्या आणि पुढे उपचार करणाऱ्या, दोन्ही डॉक्टरांना गरज संपताच काढण्याचा विचार करायला सांगितलं. २०१४मध्ये त्यांनी हिशेबही मांडला, की फुप्फुसाचा धोका टळला असेल तर २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान काढण्याचा फायदा जास्त ठरू लागतो.

पण डॉक्टर बदलतात, गावं बदलतात. फाईल मात्र आपल्याच कपाटात असते ना? तेव्हा घरात कुणाला अशी जाळी असेल तर बसवल्याची तारीख फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा आणि डॉक्टरांना विचारा, अजून गरज आहे का? काहींना ती कायमच लागते, म्हणून सरसकट काढा असं आम्ही म्हणत नाही. औषधंही स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.