दुसऱ्या खेपेचा निर्णय

पहिल्या खेपेला कळा देऊन बाई थकली, बाळाचे ठोके मंदावले आणि अखेर मध्यरात्री घाईघाईने शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढावे लागले, अशी हकीकत आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांत ऐकावयास मिळते. त्याच बाईला पुन्हा दिवस जातात, तेव्हा साताऱ्यात असो वा सांगलीत, आनंदाच्या बातमीपाठोपाठ एक प्रश्नही घरात शिरतो. या खेपेला नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहावी, की आधीच तारीख ठरवून सिझर करून घ्यावे? सासूबाई आपल्या पाच बाळंतपणांचा दाखला देतात. नवरा म्हणतो, डॉक्टर सांगतील तसे. शेजारीण ठासून सांगते की, एकदा सिझर म्हणजे कायमचे सिझर. जिला बाळंत व्हायचे आहे तिचे मत मात्र सर्वांत शेवटी विचारले जाते, आणि कित्येकदा ते विचारायचे राहूनच जाते.

शेजारणीचे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन या डॉक्टरांचे आहे, हे तिला ठाऊक नसते. १९१६ साली त्यांनी ते लिहिले, ते पहिले सिझर होता होईतो टाळावे हे सहकाऱ्यांना बजावण्यासाठी. त्या काळी गर्भाशयावर वरच्या भागात उभा छेद घेत, आणि तो व्रण पुढच्या कळांत उसवण्याची मोठी भीती असे. आज बहुधा खालच्या भागात आडवा छेद घेतात. असा एकच छेद झालेल्या आणि अन्य अडचण नसलेल्या स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर शंभरांतल्या साठ ते ऐंशी जणींना ती साधते. व्रण उसवण्याचा प्रसंग सुमारे दोनशेंत एकीवर येतो. पण आला, तर काही मिनिटांत आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. दुसऱ्या बाजूला, दर नव्या शस्त्रक्रियेबरोबर पुढच्या गरोदरपणी वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. जिला आणखी मुले हवी आहेत तिला हा हिशेब करावाच लागतो. निर्धोक अशी एकही वाट नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न वैद्यकाबरोबर नीतीचाही होतो.

दोनशेंत एक हा आकडा सर्वत्र सारखा असला, तरी त्याचा अर्थ गावागणिक बदलतो. मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये उघडलेल्या रुग्णालयापासून वैद्यकाची मोठी परंपरा आहे. १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मिरजेच्या बाईला भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी रिक्षाच्या अंतरावर असते. पाटण तालुक्यातील डोंगरावरच्या वाडीचे काय? जुलै २०२१ मध्ये तेथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली; ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीकडची गावे वेढली. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या त्या बाईपुढे खरा पर्याय असतो तो एवढाच की, शेवटचे काही आठवडे कऱ्हाडला किंवा मिरजेला कोणाकडे राहता येईल का. शहरातल्या एखाद्या कुटुंबाने एक खोली मोकळी करून दिली, तर तिच्या निवडीला काही अर्थ येतो.

वेदनेविषयीही बोलले पाहिजे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील शब्दांचा आधार घेऊन, प्रसूतिवेदना सोसणे हे आईचे कर्तव्यच होय, असे आपल्यातील काही वडीलधारी मंडळी मानतात. पोप पायस बारावे यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात त्या वचनाचा असा अर्थ लावला नाही. वेदना कमी करणारे उपाय स्वीकारण्यास त्यांनी नैतिक आडकाठी मानली नाही. आईपेक्षा मुलाचा जीव अधिक मोलाचा मानावा असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवले नाही, हेही त्यांनी १९५१ मध्ये स्पष्ट केले होते. कोणी संत जियान्ना बेरेत्ता मोला हिचे नाव घेईल. २१ एप्रिल १९६२ रोजी तिचे चौथे अपत्य शस्त्रक्रियेनेच जन्मले, आणि आठवड्याने आई गेली. ती स्वतः डॉक्टर होती. धोका जाणून तिने आपला निर्णय आपणच घेतला होता. तिचा दाखला देऊन दुसरीवर कसलाही निर्णय लादणे आम्हांला तिच्याशीच अन्यायाचे वाटते.

पहिल्या खेपेची दहशत मनात घेऊन जी सरळ शस्त्रक्रिया मागते तिला भित्री म्हणू नये. तिची भीती अनुभवातून आलेली असते. जिला वाटते की मागच्या वेळी आपल्याकडून काहीतरी हिरावले गेले, आणि म्हणून जी कळा येण्याची वाट पाहू इच्छिते, तिलाही हट्टी म्हणू नये. दोघींना हवे असते ते सत्य. ते देण्याचे ऋण डॉक्टरांवर आहे. एकट्या डॉक्टरने चालवलेल्या छोट्या प्रसूतिगृहात बारा-चौदा तास उशाशी बसणे आणि क्षणात शस्त्रक्रियेची तयारी ठेवणे कठीण असते, हे आम्ही समजू शकतो. 'माझ्याकडे ही सोय नाही, तुम्ही मोठ्या रुग्णालयात विचारा', असे जो सांगतो तो प्रामाणिक आहे. 'तुमचे नैसर्गिक होणारच नाही', असे जो सांगतो, आणि कारण मात्र आपल्या वेळापत्रकात असते, तो असत्य बोलतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शेकडा २५.४ प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. देशभर पाहता खासगी रुग्णालयांत हे प्रमाण सरकारी रुग्णालयांच्या तिपटीहून अधिक होते. त्यांतल्या किती आवश्यक होत्या, हे आकडा सांगत नाही. (सोयीची तारीख आपणच मागतो, हेही विसरू नये.)

संमतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात जे म्हटले ते प्रत्येक घरात माहीत असावे. सज्ञान स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य मानली नाही. जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर ती शुद्धीवर येण्याची वाट पाहावी लागते. मग सासूची किंवा नवऱ्याची सही तिच्या होकाराची जागा कशी घेईल? आणि होकार द्यायचा तर आधी माहिती हवी. पुष्कळ स्त्रियांना आपली पहिली शस्त्रक्रिया नेमकी का झाली, हेच कोणी सांगितलेले नसते. बाळ आडवे होते, की कळा मंदावल्या, की ठोके उतरले? छेद उभा की आडवा? पोटावरच्या टाक्यांवरून ते कळत नाही. बारशाचे फोटो जपून ठेवणाऱ्या घरात डिस्चार्ज कार्ड मात्र सापडत नाही, आणि दुसऱ्या खेपेचा सारा विचार त्याच कागदावर अवलंबून असतो. ते हरवले असल्यास रुग्णालयाकडे नोंदी मागाव्यात. तो रुग्णाचा हक्क आहे.

आठव्या महिन्यात विचारपूर्वक ठरवलेलेही बदलू शकते. नैसर्गिक प्रसूतीसाठी थांबलेली बाई सहाव्या तासाला म्हणेल, 'आता पुरे, ऑपरेशन करा.' शस्त्रक्रियेची तारीख घेतलेल्या दुसरीच्या कळा त्याआधीच सुरू होतील, आणि ती म्हणेल, 'थोडे थांबून पाहू या.' तेव्हा आधी दिलेल्या शब्दाची आठवण तिला कोणी करून देऊ नये. डॉक्टरांनी त्या घडीची स्थिती तिला सांगावी, आणि घरच्यांनी तिचे ऐकावे.