दाढेतली कायम ठेव

देवाने माणसाला बत्तीस दात दिले, पण ते सांभाळण्याची अक्कल मात्र अक्कलदाढेबरोबर, म्हणजे निम्मे दात किडून झाल्यावर दिली. त्यामुळे रूट कॅनॉल ही गोष्ट मध्यमवर्गीय आयुष्यात मुंजी-लग्नाइतकीच अटळ होऊन बसली आहे. दाढेच्या मुळांत केसासारख्या नळ्या असतात. त्यांतली सडकी नस खरवडून काढायला दंतवैद्य ज्या सुया वापरतात, त्यांना ते फाइल म्हणतात. बँकेत वीस वर्षं काढल्यामुळे माझी समजूत अशी की, फाइल फक्त हरवते. ती तुटतेसुद्धा, हे ज्ञान मला आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या दाढेने दिलं.

या गृहस्थांनी सहा वर्षांपूर्वी रूट कॅनॉल करून घेतलं होतं. परवा शेजारचा दात दुखला म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तर क्ष-किरणांच्या फोटोत जुन्या दाढेच्या मुळाशी सुईचा तुकडा! पहिल्या डॉक्टरने अवाक्षर काढलं नव्हतं. आता गंमत ऐका. सहा वर्षं याच दाढेने गृहस्थ चकल्या फोडत होते, तक्रार शून्य. फोटो बघितल्या रात्रीपासून दाढ ठणकायला लागली!

डब्याच्या सुट्टीत यावर खडाजंगी झाली. "सांगितलं नाही तेच बरं केलं की!" असं कॅशियरचं मत पडलं. "सहा वर्षं सुखात गेली ना तुमची?"

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. बारीक सुईचं टोक ०.१५ मिलिमीटर, म्हणजे आमच्या कोऱ्या नोटेहून फार जाड नव्हे. ते वाकड्या नळीत अडकलं आणि मूठ फिरत राहिली, तर पीळ बसून तुटतं. अडकलं नाही तरी वळणावर वाकून वाकून धातू थकतो. १९८८च्या सुमारास निकेल-टायटॅनियमच्या लवचिक सुयांचा शोध लागला, पण त्यासुद्धा पुष्कळदा राजीनाम्याची नोटीस न देताच जातात. तेव्हा सुई तुटली म्हणजे डॉक्टर अडाणी, असं नव्हे. निष्णात हातातही ती तुटते.

पण तुटणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली बजावून ठेवलं की, खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी खोटं बोलू नका. असा माणूस चौकशीच्या खिडकीवर बसवला, तर बँक आठवड्यात बुडेल. आपल्याकडे धर्मराजाने हत्तीचा उल्लेख नुसता हळू आवाजात केला, तर त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. आमचा डॉक्टर तर हळूही बोलला नाही. तोंड उघडं ठेवायची सक्ती पेशंटवर असते, डॉक्टरवर नाही!

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. माझा धर्मग्रंथ म्हणजे ताळेबंद. त्याच्या तळाशी एक टीप असते, संभाव्य देण्यांची. पैसे द्यावे लागतीलच असं नाही, पण लागू शकतील, म्हणून आधी सांगून ठेवायचं. दाढेतला तुकडा नेमका असाच. नळी आधीच स्वच्छ झाली असेल तर तो जन्मभर निमूट पडून राहील. पण त्याच्याखाली जंतू राहिले असतील तर पुढे उपद्रव होईल. मग तुकडा तसाच ठेवून दाढ भरायची, बाजूने वाट काढायची, की मूळ कमकुवत होण्याचा धोका पत्करून तो उपसायचा, हे ठरवावं लागतं. अधूनमधून फोटो काढून नजर ठेवावी लागते. जी गोष्ट ठाऊकच नाही, तिच्यावर नजर कोण ठेवणार? डॉक्टरने काळजी वाचवली म्हणतात, पण त्या काळजीबरोबर निर्णयही परस्पर खिशात घातला. पुरेशी माहिती न देता घेतलेली संमती खरी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली समीरा कोहली खटल्यात म्हटलं आहे. खातं ग्राहकाचं असेल, तर बारीकसारीक नोंदसुद्धा पासबुकात उमटलीच पाहिजे. ती वाचून त्याला झोप येईल की नाही, हा हिशेब बँकेने करायचा नसतो.

इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी त्या गृहस्थांना विचारलं, "समजा, त्याच दिवशी डॉक्टर म्हणाला असता, 'साहेब, सुई तुटली, आपण असं असं करू,' तर तुम्ही काय केलं असतं?"

"काय म्हणजे? फी बुडवली असती आणि गावभर बोंब मारली असती!"

"आणि त्याने सांगितलं नाही, तेव्हा काय केलंत?"

गृहस्थ जरा घुटमळले. "दर दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला."

आता बोला! खरं बोलणाऱ्याला बोंब आणि गप्प बसणाऱ्याला काजूकतली, असा दर आपणच लावून ठेवला आहे. डॉक्टरने सांगितलंच पाहिजे, यात वाद नाही. पण ते ऐकून "बरं, आता पुढं काय करायचं?" एवढंच शांतपणे विचारणारा पेशंट जोवर तयार होत नाही, तोवर आपल्या दाढांत काय काय जमा आहे, ते फोटो काढल्याशिवाय कळायचं नाही.