पक्षनिष्ठा आणि नकाराचा अधिकार

पक्षनिष्ठा हा गुण मानावा की दोष, असा प्रश्न कोणी विचारला, तर आपल्यापैकी बहुतेकजण प्रसंग पाहून उत्तर देतील. आपल्या पक्षातील मनुष्य पुढाऱ्यास सोडून गेला तर तो फितूर ठरतो. दुसऱ्या पक्षातील मनुष्य आपल्याकडे आला तर त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असे आपण म्हणतो. एकाच कृतीस दोन नावे देण्याची ही सवय हसून सोडून देण्यासारखी असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या देशात राज्यकारभार पक्षांच्याच हातून चालतो, तेथे पक्षाने आपल्या नायकाशी कोणते नाते ठेवावे, हा केवळ राजकारणाचा प्रश्न राहत नाही. तो नीतीचाही प्रश्न होतो. त्याचा विचार करण्यासाठी आम्हां खानदेशवासीयांस फार दूर जावयास नको. फैजपूरपर्यंत गेले तरी पुरे आहे.

त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, ह्या गावी डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. तोपर्यंतची अधिवेशने शहरांतून भरत आली होती; खेड्यात भरलेले हे पहिलेच. धनाजी नाना चौधरी ह्यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी व्यवस्थेचा भार उचलला, साने गुरुजी गावोगाव हिंडले, आणि बंगालच्या नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावठी साहित्यातून अधिवेशनाची जागा सजविली. चारच वर्षांपूर्वी, १९३२ साली, ह्याच साने गुरुजींनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेतली होती. त्या प्रवचनांचे श्रोते म्हणजे चळवळीत पकडले गेलेले सत्याग्रही. पक्षाने त्यांस काही दिले असेल तर ते कारावासाचेच दिवस. त्या काळी पक्षनिष्ठेची किंमत निष्ठावंताने स्वतः मोजली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण ज्याने किंमत मोजली आहे, त्याला आपल्या पुढाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार कोणी निराळा द्यावा लागत नाही.

फैजपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. काँग्रेसच्या अध्यक्षास त्या दिवसांत लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत. हे अध्यक्षपद एकेका वर्षाचे असे, आणि त्यावर वर्षानुवर्षे निराळा मनुष्य येई. नेहरू मात्र लखनौच्या पाठोपाठ फैजपूरसही अध्यक्ष झाले. ह्या निवडणुकीतून सरदार वल्लभभाईंनी आपले नाव मागे घेतले. परंतु नाव मागे घेताना जे निवेदन त्यांनी काढले, त्यात नेहरूंस पाठिंबा देऊनही एक गोष्ट स्पष्ट बजावली. काँग्रेसचा अध्यक्ष हा हुकूमशहा नव्हे. एका सुसंघटित संस्थेचा तो सभापती आहे, आणि कोणाही व्यक्तीस निवडून दिल्याने संस्था आपले अधिकार गमावीत नाही, असा त्याचा आशय होता. पाठिंबा आणि मर्यादा ही दोन्ही एकाच कागदावर लिहिता येतात, हे त्या निवेदनाने दाखविले.

ह्याहूनही नवलाची गोष्ट पुढील वर्षी घडली. नोव्हेंबर १९३७ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘राष्ट्रपती’ ह्या मथळ्याचा एक लेख ‘चाणक्य’ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. लोकांच्या जयजयकाराने नेहरूंचा अहंकार पोसला जात आहे, ह्या माणसात हुकूमशहा होण्यास लागणारे बरेच गुण आहेत, तेव्हा त्यास तिसऱ्यांदा निवडू नका, असा त्या लेखाचा सूर होता. लेखक स्वतः नेहरूच होते, हे मागाहून उघडकीस आले. आपल्याच लोकप्रियतेविरुद्ध साक्ष देणारा पुढारी जगाच्या इतिहासात विरळा. माझ्या विद्यार्थ्यांस हा प्रसंग सांगितला की ते क्षणभर स्तब्ध होतात, आणि मग त्यांतील एखादा विचारतो, “पण त्याचा उपयोग काय झाला?”

प्रश्न रास्त आहे. १९३९ साली प्रतिनिधींनी सुभाषबाबूंस दोनशेहून अधिक मतांच्या आघाडीने अध्यक्ष निवडले. त्यांचे प्रतिस्पर्धी पट्टाभि सीतारामय्या ह्यांच्या मागे गांधीजींचा आशीर्वाद होता, आणि गांधीजी तर १९३४ पासून काँग्रेसचे सभासदही नव्हते. प्रतिनिधींनी सर्वांत थोर पुरुषास नकार दिला खरा. पण ज्येष्ठांच्या असहकारामुळे तो नकार टिकला नाही, आणि काही महिन्यांतच सुभाषबाबूंस राजीनामा द्यावा लागला. स्वातंत्र्य मिळताच १९४७ साली आचार्य कृपलानींनी अध्यक्षपद सोडले, कारण सरकार पक्षाध्यक्षास विश्वासात घेत नाही ही त्यांची तक्रार होती. १९५० साली नाशिकच्या अधिवेशनापूर्वी टंडन, कृपलानी आणि आपले शंकरराव देव अशी तिरंगी निवडणूक झाली व टंडन निवडून आले. परंतु पंतप्रधानांशी न पटल्यामुळे एका वर्षातच ते पायउतार झाले, आणि १९५१ साली पंतप्रधान नेहरू हेच पक्षाध्यक्षही झाले. ज्या ‘चाणक्या’ने १९३७ साली एका अध्यक्षपदाचे भय दाखविले होते, त्यास आता दोन्ही पदे सांभाळावी लागली. नेहरू हुकूमशहा झाले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. तथापि पक्षापाशी त्यांना अडविण्याचे सामर्थ्य उरले होते म्हणून ते झाले नाहीत, असे म्हणता येईल काय? पुढाऱ्याचा आत्मसंयम हा त्याच्याबरोबरच जातो. तो वारसाहक्काने पुढच्यास मिळत नाही.

अमेरिकेच्या इतिहासातही हाच धडा निराळ्या वाटेने मिळतो. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षवृत्तीविरुद्ध इशारा दिला आणि दोन मुदतींनंतर तो आपण होऊन निवृत्त झाला. त्याच्या संयमाची पुढे रूढी बनली. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले तेव्हा ती मोडली, आणि १९५१ साली घटनादुरुस्ती करून तिचा कायदा करावा लागला. दुसरीकडे अध्यक्षपदाचा उमेदवार कोणी ठरवावा, ह्याची रीत पालटत गेली. पूर्वी पक्षाच्या मेळाव्यांत जमलेले वजनदार पुढारी तो ठरवीत. १९६८ साली प्राथमिक निवडणुका न लढविताच हंफ्री ह्यांस उमेदवारी मिळाली आणि असंतोष उसळला. तेव्हा नियम बदलून १९७२ पासून ही निवड मुख्यत्वे प्राथमिक निवडणुकांतील मतदारांच्या हाती गेली. बंद खोलीतील सौदेबाजी गेली हे उत्तमच झाले. परंतु तिच्याबरोबर ज्येष्ठांचा नकारही दुबळा झाला; आता नायक पक्षास वळसा घालून थेट मतदारांकडे जाऊ शकतो. तरीही १९७४ च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाचेच तीन ज्येष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष निक्सन ह्यांस भेटले, काँग्रेसमध्ये त्यांच्या पाठीशी आता फारसे कोणी उरले नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि दोन दिवसांत निक्सन पदावरून गेले. त्या तिघांनी पक्ष सोडला नाही, की पक्षानेही त्यांस सोडले नाही. पक्षनिष्ठेचे मला ठाऊक असलेले हे एक उत्तम उदाहरण होय.

आता पुन्हा स्वदेशाकडे वळू. १९५० नंतर ‘राष्ट्रपती’ हा शब्द पक्षाकडून राज्यघटनेकडे गेला. पुढे २००७ साली आमच्याच जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील त्या पदावर बसल्या, तेव्हा खानदेशास साहजिकच अभिमान वाटला. परंतु ह्याच पदाच्या १९६९ मधील निवडणुकीत पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी असता, इंदिरा गांधींनी सभासदांस सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून मत देण्याची मोकळीक मागितली. व्ही. व्ही. गिरी विजयी झाले, आणि त्याच वर्षी पक्ष दुभंगला. विवेकाच्या नावाने पक्षाची आज्ञा मोडली गेली ती नायकाच्याच सांगण्यावरून. पुढे त्याच पक्षात १९७२ नंतर सुमारे वीस वर्षे अंतर्गत निवडणुका झाल्या नाहीत. नेत्याच्या सोयीचा असतो तोवरच ज्या विवेकास मान मिळतो, त्यास विवेक म्हणणे कठीण आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, नकाराचे एवढे कौतुक कशास? १९६७ नंतर आमदारांनी रोज नवा झेंडा घेऊन सरकारे पाडली, त्याचे काय? आक्षेप खरा आहे, आणि त्यावर उपाय म्हणून १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा आला. पण त्या कायद्याने विकणारा आणि विरोध करणारा ह्यांत भेद केला नाही. पक्षादेशाविरुद्ध सभागृहात मत देणाऱ्या एकट्या सभासदाची जागा जाऊ शकते. दोनतृतीयांश सभासद दुसऱ्या पक्षात विलीन होण्यास तयार झाले तर मात्र ते सुरक्षित राहतात. एकट्याच्या नकारास शिक्षा आणि जमावाच्या स्थलांतरास अभय, हा न्याय नीतिशास्त्रात बसविणे अवघड आहे. त्याचे फळ महाराष्ट्राने पाहिले. शिवसेना २०२२ साली आणि राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ साली दुभंगली. पक्ष कोणाचा, हा वाद निवडणूक आयोगाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे निर्णय लागले. दोन्ही वेळा मुख्य आधार ठरला तो विधिमंडळातील व संसदेतील संख्याबळाचा. निर्णय बरोबर की चूक, हा येथे विषय नाही. यावल किंवा शिरपूर तालुक्यातील ज्या साध्या सभासदाने वर्षानुवर्षे सतरंज्या अंथरल्या, त्याचे मत त्या मोजणीत कोठेच नव्हते, एवढेच मला सांगावयाचे आहे. आणि तो उपेक्षित राहिला ह्याचे कारण कोणताही एक गट नव्हे. पक्षाच्या आत नकार नोंदविण्याची जागाच आपण राहू दिलेली नाही, हे त्याचे कारण होय.

म्हणून निष्ठेची कसोटी माझ्या मते अशी असावी. पुढाऱ्याचा जयजयकार किती मोठा होतो, हे पाहू नये. पुढाऱ्यास भर सभेत ‘हे चुकते आहे’ असे म्हणणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी कोठे बसलेला आढळतो, हे पाहावे. तो आपल्याच जागी बसलेला असेल, तर तो पक्ष जिवंत आहे. तो घरी बसला असेल किंवा समोरच्या पक्षात जाऊन बसला असेल, तर पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाकडेही असो, आत फारसे काही शिल्लक उरलेले नाही.

ही कसोटी केवळ दिल्ली-मुंबईच्या पक्षांस लावावयाची नाही. आपल्या गावची शिक्षणसंस्था, पतपेढी, वाचनालय ह्यांचे अध्यक्ष वर्षानुवर्षे अविरोध निवडले जातात, आणि त्या एकमताचा आपण अभिमान बाळगतो. पुढील वार्षिक सभेत ठरावावर कोणी विरोधी हात वर केला, तर त्याच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.