गिरडचे दगड

वर्धा जिल्ह्यांत, समुद्रपूर तालुक्यांत, गिरड नांवाचें गांव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदु व मुसलमान दोघेही त्या स्थानास मानतात. परंपरा सांगते कीं, तीस वर्षें फकिरी वेषानें हिंडून हा साधु इसवी सन १२४४ च्या सुमारास येथें स्थिरावला. पुढें दोन बंजारी व्यापारी नारळ वगैरे माल घेऊन जात असतां त्यांनीं त्याची थट्टा केली, आणि त्यानें त्यांच्या सर्व मालाचे दगड केले. ते शरण आले तेव्हां वाळलेल्या पानांपासून त्यानें नवा माल निर्माण करून दिला. व्यापारी मात्र आमरण त्याच्याच सेवेंत राहिले. टेकडीवरील दोन थडगीं त्यांचीं होत, असें म्हणतात.

या गोल गोट्यांची हकीकत भूशास्त्र निराळी सांगतें. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. निवतांना त्यांत वायूच्या पोकळ्या राहिल्या, आणि पाण्याबरोबर आलेलीं झिओलाइटसारखीं खनिजें पुढें त्यांत सांचलीं. हें खरें आहे. परंतु हें सांगतांना आमच्या ओठांवर जें हसूं येतें, तें त्या व्यापाऱ्यांच्याच जातीचें तर नव्हे?

अहंकार मारावा, म्हणजे आत्मा प्रकट होईल, असा उपदेश आपण नेहमीं ऐकतों. पण मारणारा कोण? ‘मीं माझा अहंकार जिंकला’ या वाक्यांत ‘मी’ आणि ‘माझा’ दोघेही शाबूत आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आपणच आपले बंधु व आपणच आपले शत्रु म्हटलें आहे. तेथें दुसरा कोणी आणलेला नाहीं. मुंडकोपनिषदांत एकाच वृक्षावर दोन पक्षी आहेत: एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. खाणाऱ्यास मारा, असें तेथें सांगितलेलें नाहीं. त्यानें दुसऱ्याकडे पाहिलें म्हणजे त्याचा शोक सरतो, एवढेंच सांगितलें आहे.

कोणी विचारील, साधूचा क्रोध हा अहंकारच नव्हे काय? दंतकथा दगडांपाशींच संपती, तर आम्हीही होय म्हटलें असतें. एका अहंकारानें दुसऱ्यास चीत केलें, एवढाच तिचा अर्थ झाला असता. तिचें मर्म उत्तरार्धांत आहे. माल परत मिळाला. पण ज्या ‘माझे’पणानें व्यापाऱ्यांनीं तो वाहिला होता, तो परत आला नाहीं. आमच्या मतें जीवात्म्याचा व अहंकाराचा संबंध हाच: गोणी राहावी, मालकी सुटावी.

हें लिहिणें सोपें आहे. त्या टेकडीवरील एक गोटा आमच्या मेजावर आहे. येईल त्यास आम्ही तो दाखवितों आणि निरहंकारावर चार शब्द बोलतों. एकदां घरांतील एका लहान मुलानें विचारलें, “हा दगड तुमचा का?” आम्ही तत्काळ उत्तर दिलें, “आमचाच तर!”

तो परत नेऊन ठेवावा, असें तेव्हांपासून मनांत आहे. भीति एवढीच कीं, नेऊन ठेवल्यावर तेंही आम्ही चारचौघांत सांगत सुटूं.