तासाला किती मिलिमीटर, सावरायला किती दिवस

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यात त्याच दिवशी जेमतेम ७३. मुंबईचे जुने नाले ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाणी वाहून नेतील, एवढ्याच बेताचे होते. ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरील १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात होती. ती बव्हंशी कागदावरच राहिली आणि शहरात चारशेहून अधिक माणसे गेली.

तोवर पूर म्हणजे अभियंत्यांपुढचा प्रश्न समजला जाई: नाले रुंद करा, पंप बसवा, पाणी समुद्रात लोटा. माधव चितळे यांच्या सत्यशोधन समितीमुळे लोकांचे लक्ष मिठी नदीकडे वळले. विमानतळापाशी तिला काटकोनात वळवले होते, आणि जिथे तिचे पाणी पसरायचे त्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. म्हणजे पावसाचे संकट नैसर्गिक असले, तरी त्याची वाट माणसांनीच आखून दिली होती.

या पुराच्या बत्तीस वर्षे आधी, १९७३ मध्ये, परिसंस्थांचे अभ्यासक सी. एस. हॉलिंग यांनी वेगळाच प्रश्न विचारला होता: एखादी व्यवस्था आपले मूळ रूप न गमावता किती धक्का पचवू शकते? जंगले आणि तळी यांच्या अभ्यासातला हा विचार नगरनियोजनात यायला काही दशके लागली. मुंबईच्या पुराआधी सहा महिने जपानमधल्या कोबे इथल्या परिषदेत आपत्तींना तोंड देण्यासाठीचा ‘ह्योगो कृती आराखडा’ ठरला, आणि वर्ष संपता संपता भारताचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. मदतवाटपाइतकीच आधीची तयारीही आता सरकारची जबाबदारी ठरली.

मुंबईत मात्र कौतुक झाले ते ‘मुंबई स्पिरिट’चे. पुराच्या रात्री अनोळखी लोकांनी अडकलेल्यांना घरात घेतले, चहा-बिस्किटे दिली, हे खरेच आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. पण रोजंदारीवरचा माणूस चिखल तुडवत कामावर जातो, कारण खाडा झाला तर चूल पेटत नाही. त्याच्या नाइलाजाला शहराची ताकद म्हणणे हा अन्याय आहे.

आज पुराचा इशारा देणारी ‘आयफ्लोज’ प्रणाली आहे, २०२२ पासून हवामान कृती आराखडाही आहे. तरीही २६ मे २०२५ च्या पावसात, त्याच महिन्यात सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. नवे बांधकाम म्हणजे सुरक्षित बांधकाम, असे धरून चालता येत नाही.

आपल्याकडचे मोजमाप अजून मिलिमीटरमध्येच अडकले आहे. नाल्याची क्षमता मोजायलाच हवी. पण कुर्ल्यातल्या एखाद्या दुकानाचे शटर पुन्हा उघडायला किती दिवस लागले, भिजलेल्या कागदपत्रांच्या जागी नवी केव्हा मिळाली, किती घरांवर कर्ज चढले, याची नोंद कोण ठेवतो? महापालिकेने प्रत्येक मोठ्या पुरानंतर हा हिशेब प्रभागवार जाहीर करावा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे नागरिकांनी तो मागावा.